इंजिन बंद पडते तेव्हा : मॉथ विमानांच्या काळातील काही धडे

विमानाचे इंजिन आकाशात बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. विमानाला तोलून धरणारी शक्ती पंखांवरून वाहणाऱ्या हवेतून मिळते. इंजिनाचे काम एवढेच की त्या हवेला आवश्यक असलेला वेग टिकवून धरणे. इंजिन थांबल्यावर वैमानिकाने विमानाचे नाक किंचित खाली केले, तर उंची खर्ची घालून वेग मिळवता येतो आणि विमान काही मैल तरंगत जाऊ शकते. उंची ही त्या वेळी गाठीला असलेली पुंजी होय. ती कशी आणि कोठे खर्च करावयाची, हे वैमानिकांना पुस्तकांनी फारसे शिकविले नाही. पहिल्या दोन-तीन दशकांतील अपघातांनी आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांनी शिकविले.

या शिक्षणातील एक कटू धडा 1912 सालचा आहे. ब्रिटिश नौदलातील लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क हा त्या काळातील अत्यंत कुशल वैमानिक मानला जाई. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सॅलिसबरीच्या माळावर त्याचे विमान गरगरत खाली येऊ लागले. अशा भोवऱ्यातून तोपर्यंत क्वचितच कोणी वाचले होते. पार्कने सुकाणू गिरकीच्या विरुद्ध दिशेला दाबले आणि जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर विमान सावरले. त्याची ही युक्ती पुढे सर्वांना मार्गदर्शक ठरली. परंतु त्याच वर्षी 15 डिसेंबरला, हेंडनहून ऑक्सफर्डला निघालेल्या त्याच्या विमानाचे इंजिन पुरेशी शक्ती देईना. विमान फार उंच नव्हते. अशा स्थितीत वळण घेताना वेग गेला, विमान वेम्बलीजवळ कोसळले आणि पार्क व त्याचा सहप्रवासी दोघेही मरण पावले. भोवऱ्यातून सुटण्याची वाट ज्याने दाखविली, त्याला सुटकेसाठी लागणारी उंचीच उरली नव्हती.

या आणि अशाच अनेक प्रसंगांतून जो नियम रूढ झाला तो ऐकावयास सोपा आणि पाळावयास अत्यंत कठीण आहे : उड्डाणानंतर लगेच इंजिन गेले तर मागे वळू नये; समोर जे शेत, माळ वा कुरण दिसेल तेथे उतरावे. कठीण अशासाठी की नुकतेच सोडलेले सुरक्षित मैदान पाठीशी असते आणि मन तिकडेच ओढ घेते. तितकाच कठीण दुसरा नियम. जमीन जवळ येत असताना हात आपोआप दांडी मागे ओढून नाक वर करू पाहतो. वाचावयाचे तर नाक खालीच ठेवावे लागते. दोन्ही नियम सहजप्रवृत्तीच्या विरुद्ध जातात. म्हणूनच शिक्षक विद्यार्थ्याला न सांगता इंजिनाची गती एकदम कमी करी आणि विचारी, ‘आता कोठे उतरशील?’

हौशी वैमानिकांचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले ते जेफ्री डी हॅव्हिलंड यांच्या मॉथ विमानाने. 1925 साली हे दोन बैठकींचे, लाकूड आणि कापडाचे हलके विमान प्रथम उडाले. पुढे त्याला जिप्सी इंजिन बसविण्यात आले. चार सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि ठिणगीसाठी दोन स्वतंत्र मॅग्नेटो, अशी त्याची रचना होती. एक बिघडले तर दुसरे काम चालवी. एका जिप्सी इंजिनाला मोहोर लावून ते 600 तास उडविण्याची चाचणीही यशस्वी झाली होती. तरीही क्रॉयडन ते कराची ही वाट हजारो मैलांची, वाळवंटाची आणि समुद्राची होती. तेलाने काजळी धरलेले प्लग, वाळूने तुंबलेल्या नळ्या आणि संपत आलेले पेट्रोल हे तिन्ही शत्रू या वाटेवर भेटत.

नोव्हेंबर 1929 मध्ये आगाखान यांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या दरम्यान ठराविक मुदतीत एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयाला 500 पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. तीन तरुण या स्पर्धेत उतरले. मनमोहन सिंग यांनी प्रवास पुरा केला, पण मुदत हुकल्याने पारितोषिक त्यांच्या हाती आले नाही. दुसरे अ‍ॅस्पी इंजिनिअर. योगायोग असा की, ज्या दिवशी पार्क मरण पावला त्याच दिवशी त्यांचा जन्म झाला होता. 1930 च्या एप्रिलमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी ते इंग्लंडहून निघाले. तिसरे जे. आर. डी. टाटा मेच्या आरंभी कराचीहून उलट दिशेने निघाले. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीर तळावर दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी तेथे अडकून पडले होते. प्लग निकामी झालेले आणि जवळ जादा प्लग नाहीत. टाटांनी आपल्याजवळचे प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अ‍ॅस्पींनी कृतज्ञतेने आपले जीवरक्षक जाकीट त्यांना दिले. वाळवंट ओलांडून आलेल्याला आता प्लग नको होते असे नव्हे, आणि भूमध्य समुद्र ओलांडून आलेल्याला जाकिटाची गरज संपली होती असे म्हणता येईल. परंतु देवघेवीचे हे गणित दोघांनीही मांडले नाही. अ‍ॅस्पी 11 मेला कराचीस पोहोचले व पारितोषिक त्यांना मिळाले. टाटा त्या वेळी लंडनच्या अलीकडेच होते. पुढे 1932 च्या ऑक्टोबरमध्ये टाटांनी कराचीहून मुंबईस टपाल आणून भारतीय हवाई वाहतुकीचा पाया घातला, तर अ‍ॅस्पी 1960 साली भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

त्याच मे महिन्यात एमी जॉन्सन ही इंग्रज तरुणी ‘जेसन’ नावाच्या जिप्सी मॉथमधून एकटीच ऑस्ट्रेलियाकडे निघाली होती. विमानाच्या देखभालीचा परवाना मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री होती. कराचीहून अलाहाबादकडे जाताना पेट्रोल संपत आले आणि तिला आपल्या झाशीला, लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. त्यात पंखाला इजा झाली. पेट्रोल संपून इंजिन थांबण्याची वेळ येऊ द्यावयाची की इंजिन चालू असतानाच, हातात ताबा असताना उतरावयाचे, या दोहोंत तिने दुसरा मार्ग निवडला. इंजिनाच्या जोरावर मैदान पाहून घेता येते, चूक झाल्यास पुन्हा वर जाता येते. थांबलेल्या इंजिनाला दुसरी संधी नसते. पुढे रंगूनजवळ इन्सीन येथे तिचे विमान एका तांत्रिक विद्यालयाच्या मैदानावर उतरून खड्ड्यात गेले आणि प्रोपेलर मोडला. जादा प्रोपेलर तिने विमानाला बांधूनच आणला होता; स्थानिक लोकांच्या मदतीने पंख दुरुस्त झाले आणि 24 मे 1930 रोजी ती डार्विनला पोहोचली.

पुढे इंजिने अधिक भरवशाची झाली. 1998 साली मान्यता मिळालेल्या सायरस या छोट्या विमानात तर संपूर्ण विमानच जमिनीवर उतरविणारे पॅराशूट बसविण्यात आले. तथापि शिक्षणाचा क्रम अजून तोच आहे : आधी वेग सांभाळा, मग उतरण्याची जागा ठरवा, वेळ उरल्यास बिघाडाचे कारण शोधा, नभोवाणीवरून कळवा आणि टेकण्यापूर्वी पेट्रोल व वीज बंद करा. क्रम बदलून जो आधी कारण शोधू लागतो, त्याच्या नकळत वेग निघून जातो.

या हकिगतींत आणखी एक गोष्ट लक्षात येते. आकाशात जो निर्णय काही सेकंदांत घेतला जातो, त्याची सिद्धता फार आधी, जमिनीवर झालेली असते. टाटांच्या सामानात जादा प्लग होते आणि जॉन्सनच्या विमानाला जादा प्रोपेलर बांधलेला होता, हे दोन्ही निर्णय प्रवासाला निघण्यापूर्वीचे. पार्कजवळ कौशल्याची उणीव मुळीच नव्हती. ते वापरण्यापुरती उंची मात्र त्या दिवशी त्याच्या हाताशी नव्हती.