पिवळ्या बाटलीचं कूळ

पावसाळा सरत आला की साखरखेर्डा काय, मेहकर काय, सिंदखेड राजा काय, सगळीकडे तापाचे पेशंट वाढतात आणि घरातली माणसं एकच आकडा विचारत सुटतात: प्लेटलेट किती? त्याच रिपोर्टात खाली ‘सिरम क्रिएटिनिन’ अशी एक ओळ असते. तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. खरं तर बघायला हवं. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडांना रक्त कमी पडतं, आणि त्याची खबर हीच ओळ देते. ही ओळ ज्या बाटलीतून येते तिच्यात हळदीसारखं पिवळंजर्द पाणी असतं. त्या पाण्याचं कूळ शोधत गेलं तर वाट वैद्याच्या घरी जात नाही. ती रंगाऱ्याच्या हौदावर जाते आणि तिथून थेट तोफगोळ्यापाशी.

लॅबमध्ये घडतं ते एवढंच. रक्त गोठू देतात, यंत्रात फिरवतात, वर आलेला सिरम पिपेटनं उचलून अल्कली मिसळलेल्या त्या पिवळ्या पाण्यात सोडतात. पिवळ्याचा हळूहळू नारिंगी होतो. यंत्र थोड्या वेळाच्या अंतरानं दोनदा त्या रंगातून प्रकाश पाठवतं आणि रंग किती गडद झाला त्यावरून आकडा काढतं. पिवळं पाणी म्हणजे पिक्रिक आम्ल.

हे आम्ल निघालं निळीतून. कपड्यांना देतात ती पुडीतली नव्हे, झाडापासून काढलेली. १७७१ साली पीटर वुल्फ या रसायनज्ञानं निळीवर नायट्रिक आम्ल ओतलं. निळा रंग गेला आणि हाती आला पिवळा, रेशमाला धरून बसणारा. १८४१ मध्ये ड्यूमा या फ्रेंच रसायनज्ञानं त्याला पिक्रिक हे नाव दिलं. ग्रीक भाषेत ‘पिक्रोस’ म्हणजे कडू. चव बघून नाव ठेवायचे ते दिवस! पुढे लिआँचे रंगारी त्यात रेशीम बुडवू लागले. तोवर रंगाऱ्यांच्या लेखी हा नुसता रंगच होता.

१८७१ मध्ये स्प्रेंगेलनं दाखवलं की हा रंग नीट पेटवला तर नुसता जळत नाही, फुटतो. १८८५ मध्ये फ्रान्सच्या तुर्पँनं तो तोफगोळ्यात ठासायची युक्ती काढली. १८८८ मध्ये इंग्रजांनी केंट परगण्यातल्या लिड गावी चाचण्या घेतल्या आणि गावाच्या नावावरून त्याला लिडाइट म्हणू लागले. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात ‘माँ-ब्लाँ’ जहाज उडालं आणि सतराशेहून जास्त माणसं गेली. त्या जहाजाच्या पोटातही मुख्य माल हाच होता.

साखरखेर्ड्याला म्हणा, दारूगोळ्याचं अप्रूप नाही. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कनं मुबारिझखानाला इथंच हरवलं आणि हैदराबादच्या गादीचा पाया घातला. विजयाची खूण म्हणून गावाला फतेहखेर्डा हे नाव मिळालं. लोकांच्या तोंडी मात्र साखरच राहिली.

मराठी माणसाच्या कानावर हा पदार्थ दवाखान्याआधी कोर्टकचेरीतून आला असावा. १९०८ साली कलकत्त्याच्या माणिकतळा बागेत पोलिसांनी जप्त केलेल्या सामानात पिक्रिक आम्ल होतं. त्याच वर्षी मुझफ्फरपूरच्या बॉम्बवर ‘केसरी’त लिहिलेल्या अग्रलेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. झडतीत त्यांच्याकडे एक कार्ड मिळालं होतं, त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं लिहिलेली. सरकारी वकिलांनी ते कार्ड नाचवलं. नव्या स्फोटक कायद्यावर लिहायचं म्हणून नावं टिपून ठेवली होती, असं टिळकांचं उत्तर होतं. या पदार्थाची धास्ती अजून आहे: लॅबमध्ये कोरडं पिक्रिक आम्ल ठेवत नाहीत. ते ओलं ठेवायचं असतं. सुकलं तर नुसतं बूच फिरवतानाही भडका उडू शकतो.

हा रंग, हा स्फोटक पदार्थ लघवीच्या भांड्यात पडला कसा?

कोनिग्सबर्गच्या माक्स याफेनं १८८६ साली, म्हणजे तुर्पँच्या युक्तीनंतर अवघ्या वर्षभरात, निबंध छापला. सगळी पुस्तकं त्याला क्रिएटिनिन-चाचणीचा जनक म्हणतात. निबंधाचं शीर्षक मात्र वेगळं बोलतं. निरोगी लघवीत पिक्रिक आम्लानं जो साका बसतो त्याबद्दल, आणि क्रिएटिनिनच्या एका नव्या प्रतिक्रियेबद्दल, असं ते आहे. पहिला मान साक्याला! याचं कारण बारा वर्षं मागे सापडतं. १८७४ मध्ये पॅरिसच्या एस्बाखनं लघवीतली प्रथिनं मोजायला पिक्रिक आम्ल वापरलं होतं. नळीत लघवी, वर पिवळं पाणी, आणि तळाशी जितका साका तितकी मूत्रपिंडाची गळती. मग निरोगी माणसाच्या लघवीतही साका दिसायला लागला तर डॉक्टर गोंधळणारच. याफे तो गोंधळ सोडवायला बसला असणार आणि वाटेत त्याला नारिंगी रंग भेटला, हाच तर्क सरळ वाटतो. क्रिएटिनिन मोजायचं त्याच्या डोक्यातही नसावं. मोजमाप १९०४ मध्ये ओटो फोलिननं बसवलं. आणि तो नारिंगी रंग नेमका कशाचा, यावर रसायनज्ञ त्यानंतरही कित्येक दशकं भांडत राहिले.

या कुळकथेला विरोध करणारे दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, लघवी बघून रोग ओळखणं आपल्याकडे जुनंच आहे. ‘योगरत्नाकरा’त तैलबिंदू परीक्षा आहे: लघवीवर तेलाचा थेंब सोडायचा आणि तो कसा पसरतो ते बघायचं. खरं आहे. पण ती परीक्षा रोग साध्य की असाध्य हे सांगते, मूत्रपिंडाचं नाव घेत नाही. दुसरा पक्ष रिचर्ड ब्राइटचा, आणि तो भारी आहे. १८२७ मध्ये लंडनच्या या डॉक्टरनं सुजलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरली. ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी थिजली. शवविच्छेदनात त्याच रुग्णांची मूत्रपिंडं खराब निघाली. म्हणजे मूळ पुरुष रंगारी नसून चमचा? चमच्याला मान द्यायलाच हवा. पण चमच्यातून आकडा निघत नाही. आकडा रंगातून निघाला, म्हणून वंश रंगाऱ्याचा.

आता नावाकडे. क्रिएटिन हे नाव शेव्रलनं १८३२ मध्ये मांसाच्या अर्कातल्या पदार्थाला दिलं आणि क्रिएटिनिन हे १८४७ मध्ये लीबिखनं. दोन्हींच्या मुळाशी ग्रीक ‘क्रेआस’, म्हणजे मांस. त्या शब्दाचं सख्खं भावंड संस्कृतात आहे: क्रविस्, क्रव्य, म्हणजे कच्चं मांस. क्रव्याद म्हणजे मांस खाणारा, चितेच्या अग्नीचं एक नाव. तेव्हा लॅबवाला ‘क्रिएटिनिन’ म्हणतो तेव्हा अर्धा शब्द आपल्याच घरातला असतो.

नावातलं हे मांस विसरलं की निदान चुकतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. भरदार गड्याचा १.१ आणि दिवसभर सोयाबीन सोंगणाऱ्या किडकिडीत बाईचा १.१ हे एक नव्हेत. तिचा नेहमीचा आकडा ०.६ असेल तर १.१ म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि छापील मर्यादेत बसतो म्हणून रिपोर्टात ठळकही होत नाही. २०१२ चे आंतरराष्ट्रीय निकष म्हणूनच वाढ बघतात: ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमनं, किंवा सात दिवसांत दीडपट. शिवाय क्रिएटिनिन उशिरा बोलतं. निम्मं काम बंद पडलं तरी गप्प राहू शकतं.

त्यात रंगाऱ्याची खोड आहेच. पिक्रिक आम्ल क्रिएटिनिनशिवाय इतरांशीही रंगतं. साखर, कीटोन, काही अँटिबायोटिक आकडा फुगवतात आणि काविळीतलं बिलिरुबिन तो पाडतं. विषाणूच्या काविळीत डोळे पिवळे, बाटली पिवळी, आणि मूत्रपिंडाचा बिघाड या दोन पिवळ्यांमध्ये झाकून जातो. मोठ्या लॅब म्हणून एन्झाइमच्या पद्धतीकडे वळल्या. ती महाग पडते.

लघवीत बुडवायची पट्टी कधीकधी क्रिएटिनिनच्या आधी सावध करते. तिची कथा एका ओळीत: १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सननं आम्लता मोजताना पाहिलं की प्रथिनं असली की रंग चुकतो, आणि आजची पट्टी त्याच चुकीवर चालते. प्रथिनं असली की तिचा पिवळा हिरवा होतो, निळ्याकडे झुकतो.

आणखी आधी बोलणारा साक्षीदार म्हणजे एनगाल हे प्रथिन. सिनसिनाटीच्या जया मिश्रा, प्रसाद देवराजन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेली ७१ मुलं तपासली. ज्यांची मूत्रपिंडं पुढे बिघडली त्यांच्या लघवीत हे प्रथिन दोन तासांत वाढलं होतं. क्रिएटिनिनला त्यासाठी एक ते तीन दिवस लागले. आता कुळाची गंमत. १९९३ मध्ये हे प्रथिन माणसाच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत सापडलं आणि नावातला ‘एन’ तिथूनच आला. पण उंदरातलं त्याचं भावंड त्याआधी, १९८९ मध्ये, छापून आलं होतं, ‘२४पी३’ या क्रमांकानं. कुठे सापडलं? विषाणूची लागण करून वाढवलेल्या मूत्रपिंडाच्या पेशींत. विषाणू आणि मूत्रपिंड एकत्र होतेच, त्यांच्याकडे या नजरेनं बघणारं कोणी नव्हतं.

पांढऱ्या पेशींचं रक्त अंगात असल्यामुळे याच्यातही खोट आहे. नुसत्या संसर्गातही ते वाढतं. तापाच्या रुग्णात ते वाढलेलं दिसलं म्हणून मूत्रपिंड गेलं असं लगेच म्हणता येत नाही.

इथं रंगाऱ्याचा वंश खुंटला असं वाटेल. पण एनगाल मोजायची एलायझा चाचणी बघा, किंवा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा डेंग्यूचा एलायझा किट बघा. शेवटच्या टप्प्यात खाचांमधलं पाणी निळं होतं आणि वरून आम्ल टाकलं की पिवळं. वुल्फच्या निळीशी या निळ्याचं रासायनिक नातं नाही, हे कबूल. तरी निळ्यावर आम्ल आणि हाती पिवळा, हा खेळ १७७१ चाच आहे.

यातलं साखरखेर्ड्यात आज कामाचं काय? पिवळी बाटली आणि पट्टी. बाटलीचा एकटा आकडा मुका असतो, आधीचा शेजारी ठेवला की बोलतो. तेव्हा तापात मनानं दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका, लघवी कमी झाली तर डॉक्टरांना लगेच सांगा, लघवीची पट्टी लावायला सांगा, आणि घरात क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट पडला असेल तर जाताना तो पिशवीत घाला.