काखेतला कळसा

केवळ सुंदर स्थळे पाहण्यासाठी प्रवास करावा, ही कल्पना आज आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिलाही काही इतिहास असेल असे मनात येत नाही. उन्हाळ्याची सुटी लागली की परभणीच्या स्टेशनावर वळकट्या आणि बॅगा दिसू लागतात. कोणी काश्मीरला निघतो, कोणी उटीला, आणि ज्यांना परवडते ते स्वित्झर्लंडच्या बर्फापर्यंत जाऊन येतात. आमचे एक स्नेही असेच युरोप पाहून आले. चहाच्या बैठकीत त्यांनी सरोवरांची आणि हिमशिखरांची छायाचित्रे दाखविली, आणि शेवटी सहज विचारले, "तिकडचा कोणी पाहुणा परभणीला आला, तर त्याला आपण दाखवायचे काय?" सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु घरी परतताना तो प्रश्न सोबत आला, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय त्यातूनच निघाला आहे.

प्रथम या हौसेचाच थोडा इतिहास पाहू. ज्या आल्प्स पर्वताच्या दर्शनासाठी आज जगभरातून माणसे जातात, तो युरोपातील लोकांना कित्येक शतके केवळ भीतिदायक अडथळा वाटत होता. व्यापारी, यात्रेकरू आणि सैन्ये तो जीव मुठीत धरून ओलांडीत. अठराव्या शतकात रूसोसारख्या लेखकांनी डोंगर, तळी आणि एकांत यांची गोडी वाचकांना लावली, आणि मग त्याच कड्यांत लोकांना भव्यता दिसू लागली. पुढे आगगाडी आली. १८४१ साली टॉमस कुक याने इंग्लंडात लेस्टरहून लफबरोपर्यंत शेकडो माणसांची एक सहल आगगाडीने नेली. ती सहल मद्यपानविरोधी सभेसाठी होती. पण तिच्यातूनच पुढे सहलींचा मोठा व्यवसाय उभा राहिला. १८७२ साली अमेरिकेने यलोस्टोनचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवला. म्हणजे ही हौस फार तर अडीचशे वर्षांची. डोंगर होते तेच राहिले, बदलली ती पाहणाऱ्याची नजर.

आपल्याकडेही निराळे घडले नाही. आपले पूर्वज पुष्कळ हिंडत, पण ते यात्रेला, बाजाराला किंवा मुलूखगिरीला. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते यज्ञातील दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून. वाटेत बंडाची धामधूम उठली आणि मराठी भाषेला 'माझा प्रवास' हे अपूर्व पुस्तक लाभले. त्याहून कितीतरी जुनी, चौदाव्या शतकाच्या सुमाराची, महानुभावांची 'स्थानपोथी' आहे. श्रीचक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, त्या त्या गावातील देवळाचे दार कोणत्या दिशेला, मठ कोठे, नदी कोणत्या बाजूला, हे सर्व तिच्यात टिपून ठेवले आहे. गोदाकाठच्या गावांची अशी तपशीलवार नोंद मराठीत दुसरी क्वचितच असेल. परंतु तिच्या कर्त्याला देखावा पाहावयाचा नव्हता, स्वामींच्या पायांनी पावन झालेली जागा विसरली जाऊ नये एवढीच त्याची तळमळ होती.

डोंगरावर हवा खाण्यास जाण्याची रीत इंग्रजांबरोबर आली. गव्हर्नर माल्कम याने १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसविले. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० साली माथेरानावर चढला. अजिंठ्याची लेणी तर १८१९ साली शिकारीस निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली, आणि मग जगाला माहीत झाली. आसपासच्या गुराख्यांना ती ठाऊक नव्हती असे नव्हे. पण 'ठाऊक असणे' आणि 'पाहणे' यांत अंतर असते, आणि आजचा आमचा सारा मुद्दा त्या अंतराचाच आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. येथे हिमशिखर नाही, समुद्र नाही. उत्तरेस जिंतूरच्या बाजूला अजिंठ्याच्या रांगेचे फाटे, दक्षिणेस बालाघाटाची उतरण, आणि मधे गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांनी भिजविलेली काळी जमीन. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने औरंगाबादेहून गोवळकोंड्यास जाणाऱ्या वाटेचे टप्पे लिहून ठेवले आहेत. ती वाट आष्टीवरून नांदेडकडे जाते. तो हिऱ्यांच्या ओढीने निघालेला. इसवी सन १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही गोदावरीच्या खोऱ्यातील आगगाडी सुरू झाली, आणि तेव्हापासून खिडकीतून आपला मुलूख पाहणाऱ्यालाही सपाट शेतांपलीकडे काही दिसले नाही. त्यात त्या प्रवाशांचा दोष नाही. या मुलखाने आपले सौंदर्य जमिनीच्या वर फारसे ठेवलेलेच नाही. ते जमिनीच्या पोटात आहे. आम्ही बोलत आहोत ते आपल्या बारवांविषयी.

जिंतूर तालुक्यातील चारठाणे हे गाव घ्या. गोकुळेश्वर, उकंडेश्वर, जोगेश्वरी, खुराची आशापुरी अशी देवळे, एक उंच दगडी स्तंभ आणि जुनी कोरीव बारव एवढे वैभव त्या एका गावात आहे. एके काळी येथे तीनशे साठ देवळे आणि तितक्याच बारवा होत्या, असे गावकरी सांगतात. हा आकडा मोजून आलेला नसून आठवणीतून आलेला आहे. पण आठवणदेखील इतिहासाचा एक कागदच होय. सेलू तालुक्यातील वालूरची बारव तर अगदी निराळी. तिच्या पायऱ्या सरळ खाली न जाता गोल फिरत पाण्याकडे उतरतात. वरून पाहिले असता शंखाच्या पोटात डोकावल्यासारखे वाटते. पिंगळी आणि आर्वी येथेही अशा जुन्या बारवा आहेत.

या वास्तूंना आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, तेराव्या शतकातला. ही बांधणी त्याच्याही आधीपासून चालत आली होती. त्याचे नाव तिला मागाहून चिकटले. चुन्याचा वापर न करता घडीव दगड एकमेकांत बसवीत जावयाचे, हे तिचे मुख्य लक्षण. देवळाच्या बाबतीत ही केवळ कारागिरी वाटेल, परंतु बारवेच्या बाबतीत तिच्यात मोठे शहाणपण आहे. आपल्या पायाखालचा खडक काळा, कठीण. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरांत. भिंतीचे सांधे चुन्याने लिंपून टाकले असते, तर बाजूचे झरे अडले असते. कोरड्या सांध्यांतून ते पाझरून आत येतात. पावसाळ्यात पाणी वरच्या पायरीपर्यंत चढते, आणि पौषापासून जसजसे ते खाली जाते तसतशा पायऱ्या उघड्या पडतात. पाणी जेथे असेल तेथे माणसाचे पाऊल पोचले पाहिजे, हा तिचा नियम. भिंतीतील कोनाड्यांत देव बसविले ते शोभेपुरते नव्हेत. जेथे देव आहे तेथे सहसा कोणी घाण करीत नाही, हा हिशेबही त्यामागे असावा.

वैशाखात एका भर दुपारी आम्ही अशाच एका बारवेत उतरलो. वर पाय भाजत होते; दहा-बारा पायऱ्या उतरताच हवा बदलली आणि आवाज मंदावले. काठावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बाबा, ही हीर न्हाई, बारव हाय. आमच्या सासवा हिच्या पाया पडूनच पयली घागर भरायच्या." आम्ही पाण्याकडे पाहिले. वर प्लास्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य तरंगत होते. त्या बाईच्या वाक्यात आणि त्या पाण्यात किती वर्षांचे अंतर पडले होते, याचा हिशेब आम्हास करवेना.

जगाने अशा स्थळांचे काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. इस्तंबूल शहराच्या पोटात सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने बांधविलेले पाण्याचे टाके आहे. तीनशे छत्तीस खांबांची ती जलशाला पाहावयास आज लोक तिकीट काढून रांगा लावतात. गुजरातेत पाटण येथे राणी उदयमतीने अकराव्या शतकात बांधविलेली वाव सरस्वती नदीच्या गाळात शतकानुशतके बुजून गेली होती. ती उकरून काढली, जपली, २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत तिचे नाव आले, आणि २०१८ पासून आपल्या शंभराच्या जांभळ्या नोटेवर तिचे चित्र आहे. म्हणजे पायऱ्यांची विहीर ही जगाने डोळे विस्फारून पाहावी अशी वस्तू आहे, हे आपण रोज खिशात घेऊन हिंडतो, आणि परभणीत दाखवायचे काय म्हणून विचारतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. कारण हा कळसा खरोखरच पाण्याचा आहे.

परंतु येथे थांबून केवळ गतवैभवाचे पोवाडे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बारवा ओसाड पडल्या त्या सगळ्याच आपल्या करंटेपणामुळे नव्हे. पायऱ्यांवरून माणसे पाण्यात पाय घालीत, आणि त्यातूनच नारूचा रोग पसरत असे. पायातून हातभराहून लांब जंत काडीला गुंडाळून काढणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना बारवेचे नुसते कौतुक ऐकवणार नाही. सरकारने नारू-निर्मूलनाचे काम हाती घेतले, तेव्हा पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, त्यांचे आडांत रूपांतर करणे हा त्यातला एक मुख्य उपाय होता. आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला ही आनंदाचीच गोष्ट आहे. दुसरी गोष्ट याहून कठोर. या पायऱ्या सगळ्यांसाठी नव्हत्या. घागर घेऊन दूर उभे राहावे, कोणी वरून पाणी घातले तर न्यावे, असे जिणे ज्यांच्या वाट्याला आले त्यांची घरे याच गावांत होती. १९२७ साली डॉ. आंबेडकरांना महाडच्या तळ्यावर सत्याग्रह करावा लागला तो ओंजळभर पाण्यासाठीच. त्यामुळे बारवेची सुंदरता सांगताना ती कोणासाठी सुंदर होती, हा प्रश्न गाळता येणार नाही. आज ती जपावयाची असेल, तर ती सर्व गावाची म्हणूनच जपली पाहिजे.

मग नळ आला, विजेचा पंप आला, आणि बारवेची गरज संपली असे आपण मानले. गरज संपली की आदर संपतो. आदर संपला की उकिरडा सुरू होतो. खाली बारव बुजत गेली आणि वर बोअरचे पाइप आणखी खोल जात राहिले. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीने पाहिला. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते तर तरुणांनीही पाहिले आहे. ज्या मुलखातल्या कारागिरांनी खडकाच्या प्रत्येक भेगेतले पाणी अडवून ठेवले, त्याच मुलखाच्या तहानेसाठी आगगाडी यावी, हा आपल्यावरचा शेरा आहे.

अलीकडे मात्र वारे फिरल्याची चिन्हे दिसतात. २०२० च्या सुमारापासून राज्यभर बारवा शोधण्याची, त्यांतील गाळ उपसण्याची मोहीम उभी राहिली. तरुण मुले घमेली आणि फावडी घेऊन खाली उतरली. महाशिवरात्रीला पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या लागल्या. २०२२ साली टपाल खात्याने महाराष्ट्रातील निवडक बारवांची चित्रकार्डे काढली, त्यांत आपल्या जिल्ह्यातील बारवाही आहेत. पत्ता लिहावयाच्या कार्डावर वालूरची बारव आली, म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर सरकारी छापखान्यातून छापून आले म्हणावयाचे.

पण जीर्णोद्धाराचीही एक भीती असते. काळ्या दगडावर चकचकीत रंग, जुन्या पायरीवर नवी फरशी, सांध्यांत सिमेंट, असे काम उत्साहाच्या भरात पुष्कळदा होते. सिमेंटने सांधे बुजले की पाझर बुजतो, आणि मग राहते ते बारवेचे नुसते चित्र. गाळ काढावा, झाडांची मुळे जाणत्याच्या सल्ल्याने सोडवावी, निर्माल्य टाकणे थांबवावे, वरच्या अंगाचे पावसाचे पाणी मुरेल असे करावे. याहून अधिक शोभेची तिला गरज नाही.

दूरचे डोंगर पाहू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. जावे, जरूर जावे. आल्प्स पाहावा, इस्तंबूल पाहावे. पण जाण्यापूर्वी एकदा आपल्या गावातील किंवा शेजारच्या गावातील बारवेच्या तळाशी उतरून यावे. तिच्या पायऱ्या मोजाव्यात, घरातल्या वडीलधाऱ्यांना तिच्याविषयी विचारावे, आणि तिच्यात टाकण्यासाठी हातात काही असेल तर ते परत घरी आणावे. आणि कोणी बाहेरचा पाहुणा आला, तर त्याला तेथे न्यावे. मात्र न्यावयाचे ते आपण स्वतः एकदा ती पाहिल्यावर.