रास्ता रोको

रास्ता रोको हा भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, रूढ झालेला सार्वजनिक निषेधाचा एक प्रकार आहे. यात आंदोलक महामार्ग, चौक किंवा पूल अशा वर्दळीच्या ठिकाणी एकत्र बसून किंवा वाहने आडवी लावून वाहतूक काही काळ थांबवतात आणि शासनाचे लक्ष आपल्या मागणीकडे वेधतात. शेतमालाचे भाव, पाणी, वीज, आरक्षण, सामाजिक अवमान अशा अनेक प्रश्नांवर हा मार्ग वापरला गेला आहे. महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात त्याला मोठे स्थान मिळाले ते मुख्यतः १९८० च्या सुमारास शेतकरी संघटनेने केलेल्या आंदोलनांमुळे. नाशिक जिल्ह्यातील मुंबई–आग्रा महामार्ग आणि त्यालगतचे निफाड, चांदवड व देवळा हे तालुके या आंदोलनांचे वारंवार केंद्र राहिले आहेत.

नाव व संबंधित प्रकार

मराठीतील प्रचलित शब्द ‘रस्ता’ असा असला, तरी या आंदोलनाच्या नावात ‘रास्ता’ आणि ‘रोको’ ही हिंदी रूपे कायम राहिली आहेत. मूळचे हे आज्ञार्थी वाक्य मराठीत नाम म्हणून वापरले जाते. ‘रास्ता रोको करण्यात आला’ अशी वाक्यरचना वृत्तपत्रांत सर्रास आढळते. रेल्वेगाड्या अडवण्यास ‘रेल रोको’ आणि विस्तृत प्रदेशातील सर्व वाहतूक थांबवण्यास ‘चक्का जाम’ म्हणतात. ‘बंद’मध्ये दुकाने व व्यवहार थांबवणे अपेक्षित असते, तर ‘घेराव’मध्ये एखाद्या अधिकाऱ्याला वा कार्यालयाला वेढा दिला जातो. एखाद्या ठिकाणी जाणारा माल वा इंधन थांबवण्यास ‘नाकेबंदी’ हा शब्द वापरला जातो.

स्वरूप

बहुतेक रास्ता रोको पूर्वसूचना देऊन केले जातात. आंदोलक तहसीलदार व पोलीस ठाण्यास आधी निवेदन देतात आणि ठरलेल्या वेळी चौकात जमतात. भाषणे व घोषणा होतात. शेतमालाच्या प्रश्नावरील आंदोलनात कांदा, टोमॅटो किंवा दूध रस्त्यावर ओतले जाते. रुग्णवाहिकेला वाट करून देण्याचा संकेत सर्वसाधारणपणे पाळला जातो. तहसीलदार किंवा अन्य अधिकाऱ्याने जागेवर येऊन निवेदन स्वीकारल्यावर आंदोलन मागे घेतले जाते, अन्यथा पोलीस आंदोलकांना ताब्यात घेऊन नंतर सोडून देतात. तास-दोन तासांच्या या ठरावीक स्वरूपापेक्षा वेगळी, अनेक दिवस चाललेली आणि गोळीबारापर्यंत गेलेली आंदोलनेही महाराष्ट्र व सीमाभागात झाली आहेत.

अडवलेली जागा आणि मागणी यांचा संबंध हा या प्रकारातील महत्त्वाचा घटक आहे. ज्या रस्त्याने कांदा किंवा ऊस बाजाराकडे जातो तोच रस्ता शेतकरी अडवतात, तेव्हा अडथळ्यातूनच मागणीचा विषय दिसून येतो. जागेचा मागणीशी काहीही संबंध नसेल, तर अडकून पडलेल्या प्रवाशाला आंदोलनाचा केवळ त्रास जाणवतो.

इतिहास

चाकण आणि नाशिक (१९८०)

भारतीय टपाल सेवेतील व त्यानंतर स्वित्झर्लंडमधील बर्न येथील जागतिक टपाल संघातील नोकरी सोडून शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी पुणे जिल्ह्यातील आंबेठाण येथे शेती सुरू केली. १९७९ मध्ये त्यांनी शेतकरी संघटनेची स्थापना केली. शेतमालाला उत्पादनखर्चावर आधारित रास्त भाव मिळावा, ही तिची मुख्य मागणी होती. चाकण परिसरातील कांदा उत्पादकांनी १९८० च्या आरंभी पुणे–नाशिक महामार्गावर केलेले रास्ता रोको हे संघटनेच्या पहिल्या मोठ्या आंदोलनांपैकी होते.

त्याच वर्षी आंदोलनाचे केंद्र नाशिक जिल्ह्याकडे सरकले. उसाला प्रतिटन ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव या मागण्यांसाठी नोव्हेंबर १९८० मध्ये जिल्ह्यात रास्ता रोको व रेल रोको सुरू झाले. पिंपळगाव बसवंतचे माधवराव खंडेराव मोरे हे जिल्ह्यातील प्रमुख नेते होते. मुंबई–आग्रा महामार्ग व मुंबई–भुसावळ लोहमार्ग हे उत्तर भारताला मुंबईशी जोडणारे दोन मुख्य मार्ग याच जिल्ह्यातून जातात. त्यामुळे या आंदोलनाचा परिणाम जिल्ह्यापुरता मर्यादित राहिला नाही. निफाड तालुक्यातील खेरवाडी येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मृत्युमुखी पडले. हजारो शेतकऱ्यांनी अटक करवून घेतली. त्यावेळी अ. र. अंतुले मुख्यमंत्री होते. या आंदोलनानंतर उसाच्या भावात वाढ झाली आणि शेतकरी संघटना राज्यभर पोहोचली.

निपाणी (१९८१)

कर्नाटकातील निपाणी या मराठीभाषक सीमाभागातील गावी तंबाखू उत्पादकांनी १४ मार्च १९८१ पासून पुणे–बंगळूर महामार्गावर ठिय्या दिला. रस्त्यावरच वसलेल्या या तळाला ‘आंदोलननगर’ असे नाव देण्यात आले होते. तीन आठवड्यांहून अधिक काळ चाललेले हे आंदोलन ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसी कारवाईने मोडण्यात आले. त्या दिवशी झालेल्या गोळीबारात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले.

रमाबाई आंबेडकर नगर (१९९७)

११ जुलै १९९७ रोजी मुंबईतील घाटकोपर येथील रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातल्याचे आढळले. त्याच्या निषेधार्थ रहिवाशांनी लगतचा पूर्व द्रुतगती महामार्ग अडवला. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने केलेल्या गोळीबारात १० जण ठार झाले. महामार्गावरील टँकर पेटवले जाण्याचा धोका होता, असे समर्थन पोलिसांकडून करण्यात आले. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने मात्र हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने २००९ मध्ये जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

देवळा व परिसरातील आंदोलने

देवळा तालुका नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागातील कांदा पट्ट्यात येतो. देवळा शहर विंचूर–प्रकाशा मार्गावर आहे, तर तालुक्यातील उमराणे हे कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर आहे. देवळ्यातील पाचकंदील चौक व उमराणे येथील महामार्ग ही तालुक्यातील आंदोलनाची नेहमीची ठिकाणे आहेत.

येथील आंदोलनांचा काळ कांद्याच्या हंगामाशी निगडित असतो. रब्बी हंगामातील उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि कांदाचाळीत काही महिने टिकतो. भाव पडला तर शेतकरी थोडी वाट पाहू शकतो. खरिपाचा व उशिरा खरिपाचा लाल कांदा मात्र फार दिवस साठवता येत नाही. तो काढल्यावर लवकर लिलावात न्यावा लागतो. त्यामुळे हिवाळ्यात भाव एकाएकी कोसळल्यास शेतकऱ्याला माल राखून ठेवण्याचा पर्याय उरत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये नेमके असेच घडले. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले होते. ८ डिसेंबरपासून निर्यातीवर पूर्ण बंदी आली. लाल कांद्याची आवक सुरू असतानाच घाऊक भाव घसरले. लासलगाव, पिंपळगाव, चांदवड, उमराणे आदी बाजारांतील लिलाव बंद पडले आणि शेतकऱ्यांनी मुंबई–आग्रा महामार्ग ठिकठिकाणी अडवला. ११ डिसेंबर रोजी चांदवड येथील रास्ता रोकोत माजी केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार सहभागी झाले. बंदी ४ मे २०२४ रोजी किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्काच्या अटींसह उठवण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले.

इंधनपुरवठ्याची नाकेबंदी

रस्त्याऐवजी इंधन अडवल्यास आंदोलकांची संख्या कमी असूनही परिणाम फार दूरवर पोहोचतो. नाशिक जिल्ह्यात याचा अनुभव जानेवारी २०२४ च्या आरंभी आला. भारतीय न्याय संहितेतील कलम १०६(२) नुसार, अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकास १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करण्यात आली होती. तिच्या विरोधात देशभर मालवाहतूकदारांनी काम थांबवले. मनमाडजवळील पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे इंधनसाठे असून तेथून आसपासच्या जिल्ह्यांना पेट्रोल व डिझेल जाते. तेथील टँकरचालकांनी टँकर भरणे बंद करताच पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि अनेक पंप कोरडे पडले. वाहतूकदार संघटनेशी चर्चा केल्याशिवाय ही तरतूद लागू केली जाणार नाही, असे आश्वासन केंद्र शासनाने २ जानेवारीस दिल्यानंतर पुरवठा पूर्ववत होऊ लागला.

जगात अन्यत्रही असे प्रकार झाले आहेत. सप्टेंबर २००० मध्ये इंग्लंडमध्ये शेतकरी व मालवाहतूकदारांनी इंधनकराच्या विरोधात तेलशुद्धीकरण कारखान्यांची प्रवेशद्वारे अडवली आणि काही दिवसांतच देशभरातील पंप रिकामे झाले. येथे इंधनाचा दर हीच मागणी होती. युद्धविरोधी चळवळीने इंधनाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. तेलाचा व्यापार युद्धाला कारण किंवा पैसा पुरवतो, अशी तिची भूमिका आहे. इराकवरील हल्ल्यापूर्वी, फेब्रुवारी २००३ मध्ये, ग्रीनपीस या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ब्रिटनमधील एस्सो कंपनीचे अनेक पेट्रोल पंप बंद पाडले. युक्रेनवरील आक्रमणानंतर, एप्रिल २०२२ मध्ये, नॉर्वेतील कार्यकर्त्यांनी रशियन तेल घेऊन आलेल्या ‘उस्त लुगा’ या जहाजाला लहान नौकांच्या साहाय्याने अडवण्याचा प्रयत्न केला. दूरच्या युद्धाशी रोजच्या व्यवहारातील पंपाचा वा बंदराचा संबंध दाखवणे हा अशा कृतींचा हेतू असतो. शेतकऱ्यांच्या रास्ता रोकोत हा संबंध रस्त्यावरील मालातूनच दिसतो. युद्धविरोधी नाकेबंदीत मात्र तो पत्रके, फलक व भाषणे यांतून समजावून सांगावा लागतो.

कायदेशीर बाजू

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ नुसार नागरिकांना भाषणस्वातंत्र्य, शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आणि देशभर मुक्तपणे संचार करण्याचे स्वातंत्र्य आहे. रास्ता रोकोमध्ये आंदोलकांचे पहिले दोन आणि प्रवाशांचे तिसरे स्वातंत्र्य समोरासमोर येतात. या सर्वांवर वाजवी निर्बंध घालण्याचा अधिकार राज्यसंस्थेस आहे.

एखाद्याची वाट बेकायदा अडवणे व सार्वजनिक मार्गात अडथळा निर्माण करणे हे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेत. पूर्वी भारतीय दंड संहितेतही ते गुन्हेच होते. जमावबंदीचा आदेश लागू असल्यास महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसारही कारवाई होते. रेल्वे अडवल्यास रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम १७४ लागू होते. राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय राज्य शासनाने वेळोवेळी घेतले आहेत.

दिल्लीतील शाहीनबाग आंदोलनासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला. निषेधाचा हक्क मान्य करतानाच, सार्वजनिक मार्ग अनिश्चित काळासाठी व्यापता येणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले.

टीका व पर्याय

ज्यांचा निर्णयाशी काही संबंध नाही अशा प्रवासी, रुग्ण, विद्यार्थी व मजूर यांना त्रास होतो, हा रास्ता रोकोवरील प्रमुख आक्षेप आहे. शेतमालाच्या आंदोलनात आंदोलकांचेही नुकसान होते, कारण अडकलेल्या वाहनांत भाजीपाला, द्राक्षे व दूध असा नाशवंत माल असतो आणि तो बहुधा त्याच भागातील शेतकऱ्यांचा असतो. विखुरलेल्या शेतकऱ्यांना निवेदनांची दखल घ्यायला लावण्यासाठी दुसरे परिणामकारक साधन उरत नाही, असे समर्थक म्हणतात.

नाशिक जिल्ह्यातच याहून वेगळ्या मार्गांचाही अवलंब झाला आहे. जून २०१७ मधील शेतकरी संपात शहरांकडे जाणारा भाजीपाला व दूध थांबवण्यात आले. मार्च २०१८ मध्ये अखिल भारतीय किसान सभेने नाशिक ते मुंबई पायी मोर्चा काढला. ६ मार्चला निघालेला हा मोर्चा ११ मार्चला मुंबईत पोहोचला. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा असल्याने विद्यार्थ्यांची अडचण होऊ नये म्हणून मोर्चेकऱ्यांनी रात्रीच चालत आझाद मैदान गाठले. मुंबईकरांनी त्यांना पाणी, खाद्यपदार्थ व पादत्राणे दिली. १२ मार्चला शासनाने बहुतेक मागण्यांबाबत लेखी आश्वासन दिले. वाहतूक न अडवताही रस्ता हे निषेधाचे साधन होऊ शकते, याचे उदाहरण म्हणून या मोर्चाचा उल्लेख केला जातो.

हे सुद्धा पहा

शेतकरी संघटना
शरद जोशी
देवळा तालुका
सत्याग्रह
घेराव