इन्सुलिन पंप नेमका कशासाठी आला?

इन्सुलिन पंपाचा इतिहास बहुतेक जण लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांच्या, १९६०च्या दशकातल्या पाठीवर वाहायच्या अवजड यंत्रापासून सुरू करतात. फोटो भारी आहे, पण आपल्या कामाची गोष्ट १९७८ची. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये जॉन पिकप, हॅरी कीन आणि सहकाऱ्यांनी छोट्या पंपाने त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडून बघितलं. रुग्णाची सोय हा मूळ हेतू नव्हता. साखर जवळजवळ नॉर्मल ठेवली तर डोळे, किडन्या वाचतात का, यावर तेव्हा वाद होता. आणि तशी ठेवायचं साधनच नसेल तर तपासणार कसं?

ठोस उत्तर १९९३मध्ये, अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी चाचणीतून आलं. टाइप १चे १,४४१ रुग्ण, सरासरी साडेसहा वर्षं. ज्यांना सुरुवातीला रेटिनोपॅथी नव्हती, त्यांच्यात काटेकोर उपचारांनी तिचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पेपर वाचताना मात्र एक बघा: काटेकोर गटात कुणी पंपावर होतं, कुणी दिवसाला तीन किंवा जास्त इंजेक्शनांवर. त्यामुळे हा आकडा एकट्या पंपाच्या नावावर मांडता येत नाही. (सेमिनारमध्ये सर्रास मांडतात!) शिवाय याच गटात साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग दोन ते तीन पट वाढले. तेही त्याच ॲबस्ट्रॅक्टमध्ये, पुढच्याच वाक्यांत लिहिलेलं आहे.