मुक्कामाची जागा

बाभुळगाव पाहावयास निघालेल्या माणसाला मुक्काम बहुधा यवतमाळलाच करावा लागतो. बाभुळगाव हे तालुक्याचे ठिकाण खरे. तेथे तहसील कचेरी आहे, बाजार आहे, एस.टी.चा थांबा आहे. हॉटेलेही आहेत, परंतु वऱ्हाडात हॉटेल म्हणजे चहा, पोहे आणि आलुबोंडा मिळण्याची जागा. रात्री पाठ टेकावयाच्या जागेला लॉज म्हणतात, आणि लॉजची चौकशी केली की समोरच्याचे बोट यवतमाळच्या दिशेला वळते. आम्हीही तेच केले. यवतमाळच्या भर वस्तीत, दत्त चौकापासून फार लांब नाही अशा ठिकाणी एक खोली घेतली आणि सकाळी निघून बाभुळगाव, कळंब, बेंबळेचा काठ असे जमेल तेवढे पाहून दिवेलागणीला परतण्याचा क्रम चार दिवस ठेवला. या येण्याजाण्यात एक प्रश्न पिच्छा सोडीना. परक्या माणसाने या मुलुखात कोठे उतरावे, हे कोणी ठरविले, आणि कधी?

यवतमाळ हे मध्यवर्ती शहर काही आरंभापासून नव्हे. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे होती, त्यांपैकी एक सरकार कळंबचे होते. ऐन-ए-अकबरीत यवतमाळचा उल्लेख येतो तो 'योत-लोहारा' या परगण्याच्या नावाने, म्हणजे शेजारच्या लोहारा गावाशी जोडून. नावातला 'माळ' हा 'महाल' शब्दाचा अपभ्रंश, असे गॅझेटियरकार सांगतात. आज कळंब हे नागपूरच्या रस्त्यावरचे, यवतमाळपासून सुमारे २३ किलोमीटरवरचे गाव. चिंतामणीच्या देवळामुळे ते दूरवर ठाऊक आहे. हे देऊळ जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून आत जावे लागते. गणपतीपुढे पाण्याचे कुंड आहे. देवाच्या दाराशी वाटसरूला सावली आणि पाणी मिळे, ही जुन्या काळची पहिली सोय. दुसरी सोय म्हणजे गावची चावडी किंवा मारुतीचे देऊळ. तेथे घोंगडी पसरावी, पाटलाकडून शिधा मिळाला तर तीन दगडांची चूल मांडावी आणि पहाटे वाट धरावी.

या व्यवस्थेत एका माणसाचा विसर पडू नये. गावच्या वेशीवर पहारा करणे, आलेल्या परक्याची वर्दी पाटलाला देणे, सरकारी माणसाचे ओझे वाहणे आणि वाटसरूला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचविणे ही कामे वतन म्हणून महार समाजाकडे होती. रात्रीबेरात्री वाट दाखविणारा वेसकर त्यांच्यातलाच. ज्याच्या भरवशावर प्रवासी सुखरूप पोहोचे, त्याला स्वतःला मात्र देवळाच्या ओसरीवर निजण्याची मुभा नव्हती. या गोष्टीकडे आम्हाला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत येथील वाटांची दिशाच बदलली, आणि तिला कारण झाला कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्यांच्या नजरा लागल्या. १८६७ मध्ये भुसावळकडून येणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. या मार्गावर यवतमाळ नाही. सर्वांत सोयीचे स्थानक धामणगाव, तेही आजच्या अमरावती जिल्ह्यात. यवतमाळच्या पठारावरचा माल धामणगावला नेण्याचा जो रस्ता, तो बाभुळगावावरून जातो. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. कापसाने लादलेली बैलगाडी एका दिवसात एवढी मजल मारू शकत नाही. वाटेत एक रात्र पडणारच, आणि बाभुळगाव साधारण मध्यावर. नावावरून तरी हे बाभळींचे गाव; बैल सोडण्यास सावली आणि चूल पेटविण्यास सरपण याहून गाडीवानाला अधिक काय हवे?

जिल्ह्याची घडणही याच सुमाराची. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाड म्हणून एक जिल्हा निराळा काढण्यात आला. पुढे त्याला वणीवरून 'वून' जिल्हा म्हणू लागले. नाव वणीचे असले तरी कचेऱ्या बसल्या यवतमाळला. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीचे हे पठार वऱ्हाडच्या उन्हाळ्यात साहेबाला मानवणारे होते. १९०५ च्या फेररचनेत पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. बाभुळगाव तेव्हा यवतमाळ तालुक्यातच मोडत असे. स्वतंत्र तालुक्याचा मान त्याला फार उशिरा लाभला.

कचेरीमागोमाग बंगला आला. साहेब हिवाळ्यात दौऱ्यावर निघे तेव्हा डेरे-तंबू बरोबर असत. एरवी सरकारी बंगल्यात खानसामा, पंखा, गरम पाणी आणि मुक्कामाची वही असा थाट असे. आज ज्या ग्रंथांवर आपण सारे विसंबून असतो, ते अशाच मुक्कामांतून सिद्ध झालेले आहेत. लायलचा वऱ्हाडचा गॅझेटियर १८७० चा. ब्राउन आणि रसेल यांचा यवतमाळ जिल्ह्याचा गॅझेटियर १९०८ चा. दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत, त्यांच्यावाचून आमचा हा लेखही झाला नसता. मात्र त्यांत कापूस दिसतो तो बाजारात आल्यावर. तो कोणी वेचला, वेचणारी बाई संध्याकाळी कोठे गेली, हे दुपारी घोड्यावरून फेरी मारून बंगल्यावर परतणाऱ्याला कोठून कळावे?

सरकारी बंगल्याला समांतर अशी एक देशी व्यवस्था शहरात उभी राहिली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, अडत्ये आणि दलाल आले, मुंबईच्या पेढ्यांची माणसे हंगामात येऊ-जाऊ लागली. त्यांच्यासाठी खानावळी, व्यापाऱ्यांनी बांधलेल्या धर्मशाळा आणि पुढे लॉज निघाले. म्हणजे ज्याला आज आपण शहराच्या मध्यभागातले हॉटेल म्हणतो, त्याचा पाया कापसाच्या विक्रीवर रचलेला आहे. कापूस पिकविणारा मात्र या छपराखाली क्वचितच निजला. तो गाडीखाली निजे. यवतमाळच्या किंवा धामणगावच्या बाजारात हंगामात गाड्यांची रांग लागे. गाडीवान जू उतरवून बैलांना कडबा टाकी, फडक्यातली भाकर आणि चटणी खाई आणि आपल्याच मालावर किंवा गाडीच्या साट्याखाली अंग टाकी. १९७२ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. अडत्याच्या जागी शासन आले, परंतु मापाची वाट पाहत केंद्राबाहेर काढावयाच्या रात्री काही संपल्या नाहीत. एका वयस्क शेतकऱ्याला आम्ही विचारले, "यवतमाळला आल्यावर तुम्ही कुठं थांबत होता?" ते हसून म्हणाले, "थांबतो कुठं जी? गाडी थांबे, तिच्याखाली आमी."

आता त्या वेसकराकडे वळू. धर्मशाळा या शब्दात धर्म असला, तरी तिचे दार सर्वांना उघडे नव्हते. कोणत्या जातीने कोणत्या खोलीत उतरावे, विहिरीला कोणी शिवावे, याचे निर्बंध काटेकोर असत. हा प्रश्न केवळ गरिबांचा नव्हता, हे एका प्रसंगाने साऱ्या देशाला कळावयास हवे होते. १९१७ साली परदेशी शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात एकही हिंदू हॉटेल घेईना. पारशांच्या एका उतारशाळेत पारशी नाव सांगून त्यांना राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. शिकलेला माणूस, खिशात पैसे, हाती नेमणूक. नव्हती ती केवळ रात्रीपुरती जागा. 'उतारशाळा' हा शब्द आपल्या वाचकांना नाताळच्या कथेतून लहानपणापासून परिचित आहे, म्हणून तो येथे मुद्दामच वापरला.

ही जागा निर्माण करण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर केले, ते गाडगे महाराज याच वऱ्हाडचे. १८७६ साली आजच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हाती खराटा आणि गाडगे घेऊन फिरणाऱ्या या माणसाने लोकांकडून पैसा उभा करून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना अन्यत्र थारा नव्हता त्यांच्यासाठीच होती. पुढे ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. संतचरित्रांत चमत्कारांना जेवढी पाने मिळतात, तेवढी या चुना-विटांना मिळत नाहीत, याचे आम्हाला नवल वाटते. १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, प्रवासातच त्यांचा अंत झाला.

कायद्याने जे करावयाचे ते तोवर केले होते. १९५० च्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने तर धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांतल्या भांड्यांचाही उल्लेख केला. भांड्यांपर्यंत जावे लागले, यातच सारे आले. आज लॉजमध्ये नाव लिहिताना आपल्याला ओळखपत्र मागतात, जात विचारत नाहीत. नोंदवहीपुरते तरी हे अंतर आपण कापले आहे.

यवतमाळला रेल्वे मिळाली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि तीही खेळण्यातली वाटावी अशी. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून मूर्तिजापूरपर्यंत जाणारी ही गाडी कापसासाठीच टाकलेली. किलिक निक्सन या कंपनीकडे तिचा कारभार होता. लोक तिला 'शकुंतला' म्हणत. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनविलेले वाफेचे इंजिन तिला १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढीत होते. मग डिझेलचे आले, आणि अलीकडच्या वर्षांत गाडीच थांबली. तिच्या फलाटांवर झोपून पुढच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांना लॉजची गरज नसे, हा तिचा एक गुण आम्हाला जुन्या प्रवाशांकडून कळला.

या शतकात यवतमाळच्या लॉजांना नव्या प्रकारची गिऱ्हाइके मिळाली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जिल्ह्याचे नाव देशभर झाले. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातील ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, तेव्हापासून वार्ताहर, संशोधक, पुढारी आणि स्वयंसेवी कार्यकर्ते यांची रीघ लागली. सकाळी मोटार निघते, दुपारी एखाद्या घरी सतरंजी अंथरली जाते, चहा येतो, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोचे छायाचित्र घेतले जाते, आणि रात्री पाहुणा शहरात परततो. यांतील अनेकांनी तळमळीने लिहिले, त्यांच्यामुळेच सरकारला हलावे लागले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. तरीही ब्राउन-रसेलांचा घोडा आणि ही मोटार यांच्या फेरीत फारसा फरक नाही, असे आम्हाला वाटते. आमची चार दिवसांची फेरी त्याच जातीची, हेही येथे नमूद केले पाहिजे.

यवतमाळने पाहुणचाराची परीक्षा एकदा सबंध महाराष्ट्रासमोर दिली. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्य संमेलन भरले होते. जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे संमेलन पुन्हा येथेच भरले. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावून, विरोधाच्या धमक्या येताच संयोजकांनी ते निमंत्रण मागे घेतले. दारात येणाऱ्या पाहुण्याला 'येऊ नका' म्हणणे हे वऱ्हाडच्या रीतीत बसणारे नव्हते, आणि अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरविली. अखेर उद्घाटनाचा मान मिळाला तो कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांना. पती गमावलेली ही शेतकरी स्त्री व्यासपीठावर उभी राहून बोलली, आणि नेहमी शहरातून गावाकडे जाणारी फेरी त्या दिवशी प्रथमच उलट दिशेने झाली. त्यानंतरच्या उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

बाभुळगावचे म्हणून जे आज सर्वांत मोठे काम दाखवितात, ते बेंबळा धरण. वर्धेला मिळणाऱ्या या लहानशा नदीवर खडक सावंग्याजवळ ते बांधले गेले. जलाशयासाठी गावे उठली. माणसे दुसरीकडे जाऊन वसली, म्हणजे कायमच्या मुक्कामालाच निघाली. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराच्या नळांना आठवडे-आठवडे पाणी नव्हते. निळोणा आणि चापडोह या जुन्या तलावांवर भागेना म्हणून बेंबळेचे पाणी नळाने शहरात आणण्याची योजना हाती घेण्यात आली. लॉजच्या न्हाणीघरात 'पाणी जपून वापरा' अशी पाटी आम्ही वाचली. ती लावणाऱ्याला बाभुळगाव तालुक्यातल्या कोणा उठून गेलेल्या गावाची आठवण असेल असे नाही.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब हा रुंद रुळांचा नवा मार्ग सुरू झाला. यवतमाळ आणि पुढे नांदेडपर्यंतचे काम त्या दिवशी बाकी होते. म्हणजे वर्ध्याकडून रुळांवरून येणारा प्रवासी त्या दिवसापासून यवतमाळच्या आधी कळंबला उतरू लागला. बाभुळगावला जाणाऱ्याने मात्र अद्याप यवतमाळच्या स्थानकावर धामणगावची एस.टी. शोधावी, सकाळची गाडी शाळेच्या मुलांनी भरलेली असते, तेव्हा थोडे लवकर निघालेले बरे.