स्वयंचलित गिअरपेटीचे तेल तपासणे

क्लचचे पायडल नसलेल्या मोटारीत गिअर बदलण्यासाठी जे पातळ, बहुधा लाल रंगाचे तेल वापरतात, त्याची पातळी व प्रत पाहण्याची क्रिया. या तेलाला 'एटीएफ' म्हणतात. साध्या गिअर ऑइलचे काम मुख्यतः वंगणाचे. हे तेल मात्र टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद पुढे नेते, दाबाने क्लचप्लेटा आवळते आणि उष्णताही वाहून नेते. त्यामुळे ते थोडे कमी झाले तरी गिअर उशिरा पडतो, चढावर इंजिन नुसतेच ओरडते. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये आणलेली 'हायड्रामॅटिक' ही मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली स्वयंचलित गिअरपेटी. १९४९ मध्ये तिच्यासारख्या पेट्यांसाठी तेलाचे 'टाइप ए' हे मानक ठरले.

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या (ता. सेनगाव) शेतीच्या गावात हात सरावलेला असतो तो ट्रॅक्टरच्या तेलाला. ट्रॅक्टरमध्ये गिअर, डिफरन्शियल व हायड्रॉलिक यांचे तेल अनेक मॉडेलांत एकच असते. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, अवजार खाली टेकवून, इंजिन बंद करून ते पाहतात. हीच सवय स्वयंचलित मोटारीत फसवते. इंजिन थांबले की पंप थांबतो, वर खेळणारे तेल तळाशी उतरते आणि तेल मोजण्याच्या पट्टीवर पातळी असते त्यापेक्षा जास्त दिसते. म्हणून बहुतेक पट्टीवाल्या गाड्यांत तपासणी चालू इंजिनावर होते. होंडाच्या अनेक गाड्या याला अपवाद आहेत. तेथे गाडी तापवून, इंजिन बंद करून लगेच पाहायचे असते. शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा.

गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून सपाट जागी उभी करतात. हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पी, आर, एन, डी असा प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबवत परत पी वर आणतात. पट्टी काढून पुसायची, पूर्ण आत घालायची, पुन्हा काढायची. पुसायला सुती वेस्ट घेऊ नये. त्याचे धागे व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकतात. पातळी 'हॉट'च्या दोन खुणांमध्ये हवी. 'कोल्ड'ची खूण साधारण २० ते ३० अंश तापमानाच्या तेलासाठी असते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीचे न तापवलेले तेलही त्या खुणेच्या हिशेबात बसत नाही.

तेल तपकिरी आणि जळकट वासाचे असेल तर क्लचप्लेटा करपल्या असण्याचा संभव असतो. गुलाबी लस्सीसारखे दिसले तर पाणी शिरले, बहुधा रेडिएटरमधल्या कूलरमधून. कमी असल्यास पट्टीच्याच नळीतून, कंपनीने सांगितलेलेच तेल थोडे थोडे घालतात. जास्त झालेले तेल फिरत्या भागांनी घुसळून फेसाळते आणि दाब घटतो. म्हणजे जादा तेलाची लक्षणे कमी तेलासारखीच.

अलीकडच्या अनेक पेट्यांना पट्टीच नसते. गाडी लिफ्टवर समतल उचलून, स्कॅनरवर तेलाचे तापमान पाहत खालचा प्लग उघडतात. अनेक गाड्यांत तापमानाची ही मर्यादा ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असते. हे काम उन्हाळ्यात सकाळी, गाडी थंड असतानाच उरकावे. भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून पसरलेली 'एएमटी' मात्र मुळात साधी गिअरपेटीच आहे. क्लच व गिअर हलवायचे काम तेवढे यंत्र करते. तिच्यात एटीएफ नव्हे, गिअर ऑइल असते, आणि सेलेरिओत ते यंत्र हलवणाऱ्या हायड्रॉलिक तेलाची छोटी टाकी वेगळी असते. विकताना दोन्हींना 'ऑटोमॅटिक'च म्हणतात, आणि चुकीचे तेल पडते ते इथेच.

तेलाचा पंप इंजिनावर चालत असल्याने बंद पडलेली टॉर्क कन्व्हर्टरची गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत गॅरेजपर्यंत नेऊ नये. इंजिनाशी जोडलेली चाके फिरतात, पण पेटीत तेल पोचत नाही. ती चाके उचलून किंवा गाडी ट्रॉलीवर चढवूनच न्यावी.