तळणीचं उरलेलं तेल टाकायचं कुठे? सिंकमध्ये तर नक्कीच नाही!

एरवी आपण इथे बॅटरी, स्टोरेज, अ‍ॅप्स असल्या गोष्टींबद्दल बोलतो. आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे. पण इथेही एक सिस्टीम आहे, तिचा बॅकएंड आपल्याला दिसत नाही, आणि आपण चूक केली की त्रास दुसऱ्याच युजरला होतो. विषय आहे तळून उरलेलं तेल.

मी पुण्यात दोन रूममेट्ससोबत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मागच्या दिवाळीत आई फराळ करायला आली होती. चकल्या, शेव, करंज्या झाल्या आणि कढईत दीडेक लिटर काळपट तेल उरलं. आई म्हणाली, "बाटलीत भरून ठेव, बघू नंतर." ती गावी गेली आणि मी ते सिंकमध्ये ओतलं. वरून भांड्यांचं लिक्विड आणि उकळतं पाणी. सिंक एकदम चकाचक! मला तर स्वतःचं कौतुकच वाटलं.

तीनेक आठवड्यांनी तळमजल्यावरच्या आजींच्या मोरीतून उलटं पाणी यायला लागलं. आजी एकट्याच असतात. "इतक्या रात्री कुणाला उठवायचं" म्हणून त्या पहाटेपर्यंत बादलीने घाण पाणी उपसत बसल्या. सकाळी प्लंबरने चेंबर उघडला, आतून पांढरट, खडबडीत गोळे काढले आणि म्हणाला, "तेलाचा साबण झालाय."

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा एक जुना जोक आहे, "माझ्या मशीनवर तर चालतंय." माझं सिंक चालतच होतं. ते गोळे काही माझ्या एकट्याच्या दीड लिटरचे नव्हते, सगळ्या मजल्यांचं तेल त्यात होतं. तरी संध्याकाळी आजींकडे जाऊन सांगताना फार लाज वाटली.

पाइपमध्ये नेमकं काय होतं?

प्लंबर बोलला ते केमिस्ट्रीच्या भाषेतही खरं आहे. तेल म्हणजे ट्रायग्लिसराइड, म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेल्या फॅटी अ‍ॅसिडच्या तीन साखळ्या. तळताना उष्णता आणि पदार्थातलं पाणी यामुळे त्यातल्या काही साखळ्या सुट्या होतात. ड्रेनेजमध्ये त्यांची गाठ कॅल्शियमशी पडते. जड पाण्यात कॅल्शियम असतंच, शिवाय काँक्रीटमधूनही ते सुटतं. दोन्ही मिळून कॅल्शियमचा साबण बनतो. हा आपल्या अंगाच्या साबणासारखा पाण्यात विरघळत नाही, भिंतीला चिकटून बसतो. मग त्यावर केस, भाताची शितं, चहाचा चोथा असं सगळं जमत जातं.

"पण मी तर लिक्विड टाकलं होतं ना?" हो, पण लिक्विडने तेल नाहीसं होत नाही, फक्त त्याचे बारीक थेंब होतात. पुढे पाणी थंड झालं आणि लिक्विडचं प्रमाण कमी झालं की थेंब पुन्हा एकत्र येतात. तूप किंवा डालडा असेल तर ते थोडं पुढे जाऊन चक्क गोठतं. गरम पाणी ओतून आपण तुंबा आपल्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर ढकलतो, एवढंच.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात 2017 मध्ये चरबी आणि वेट वाइप्सचा असाच एक गोळा सापडला. लांबी सुमारे 250 मीटर, वजन अंदाजे 130 टन! त्याचा तुकडा नंतर म्युझियममध्ये ठेवला होता. आपल्याकडचा तुकडा आजींच्या मोरीत येतो.

मग करायचं काय?

आधी रोजचं बघू. कढई, तवा किंवा तुपाचं भांडं धुण्याआधी जुन्या पेपरने पुसून घ्या आणि तो पेपर ओल्या कचऱ्यात टाका. मटणाच्या रश्श्यावर गोठलेली चरबी चमच्याने काढून तिकडेच टाका. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

एकदा तळलेलं तेल गार झाल्यावर गाळून एक-दोन दिवसांत भाजी-फोडणीला वापरलं तर चालतं. त्याच तेलात पुन्हा पुन्हा तळू नका. तेल तापवत राहिलं की त्यात पोलर कंपाउंड्स वाढतात. 1 जुलै 2018 पासून आपल्याकडे नियम आहे की त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. घरी ते मोजायचं मशीन नसतं, पण तेल काळं आणि चिकट झालं, फेस यायला लागला, खवट वास आला किंवा लवकर धूर यायला लागला, की त्याचं काम संपलं.

असं तेल पूर्ण गार होऊ द्या आणि कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरा. गरम ओतलं तर बाटली आक्रसते. बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरात "खायचं नाही" असं लिहा. आमच्या एका रूममेटने त्याच बाटलीतून ऑम्लेटसाठी तेल काढलं होतं, थोडक्यात वाचला.

भरलेली बाटली घंटागाडीत टाकू नका. ती पुढे दाबाखाली फुटते आणि सगळा सुका कचरा बरबटतो. तेल घेणारं कुणीच मिळत नसेल तर ते लाकडाच्या भुशात किंवा कोरड्या मातीत जिरवून मगच कचऱ्यात द्या. कंपोस्टच्या डब्यात मात्र ओतू नका. तेलाने हवा अडते आणि डबा घाण वास मारायला लागतो.

तेल विकायचं, पण कुणाला?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वापरलेल्या तेलाला भाव आहे, म्हणून ते विकत घेणारेही बरेच असतात. पण ओळखपाळख नसलेल्या माणसाला दिलेलं तेल गाळून, मिसळून परत कुणाच्या तरी कढईत जाऊ शकतं. म्हणजे तुमचं काळं तेल उद्या तुमच्याच वडापावमध्ये! हेच थांबवायला अन्नसुरक्षेचं काम बघणाऱ्या एफएसएसएआयने 2018 मध्ये 'रुको' नावाचा उपक्रम सुरू केला. वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायचं, ही त्यामागची कल्पना.

बायोडिझेल बनतं कसं? तेलात मिथेनॉल आणि अल्कली घालून त्या तीन साखळ्या ग्लिसरॉलपासून तोडतात. साधारण 100 किलो तेल आणि 10-11 किलो मिथेनॉल यांपासून जवळपास 100 किलो बायोडिझेल आणि 10 किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळतं. "तेल गाळून थेट डिझेल गाडीत टाका" असा फॉरवर्ड आला तर सोडून द्या. कच्चं तेल डिझेलपेक्षा खूप घट्ट असतं, इंजेक्टरचा खर्च अंगावर येईल.

फोनवर एफएसएसएआयची साइट उघडा, त्यात रुको शोधा आणि तुमच्या भागात तेल गोळा करणारं कुणी नोंदणीकृत आहे का ते बघा. फोन केल्यावर दोन प्रश्न विचारा: नोंदणी दाखवाल का, आणि पावती मिळेल का? टाळाटाळ झाली तर दुसरा नंबर लावा.

एक अडचण मात्र येतेच. एका घराच्या अर्ध्या लिटरसाठी कुणी गाडी पाठवत नाही. म्हणून आम्ही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारून जिन्याखाली 20 लिटरचा एक कॅन ठेवला. पहिल्या महिन्यात त्यात माझ्याशिवाय फक्त दोघांनी तेल टाकलं. गणपतीनंतर तो भरला आणि पहिली पावती आली. तुम्ही ठेवलात तर झाकण घट्ट लावा आणि खाली जुना ट्रे ठेवा, नाहीतर मुंग्या आणि उंदीर लगेच हजर होतात. आमच्या कॅनवरचं झाकण आजी रोज संध्याकाळी तपासतात.